भागीचें घोडें

‘भागीचें घोडें किवणानें मेलें’ ही म्हण आपल्याकडे घरोघरीं ऐकूं येते. दोघांनीं मिळून घोडें घेतलें. स्वारीला दोघेही तत्पर. परंतु त्याच्या पाठीवर जखम झाली तेव्हां औषध लावण्याची पाळी कोणाची हें ठरलेलें नव्हतें, आणि जखम चिघळून बिचारें जनावर मेलें, असा तिचा मतलब. मुलानें नोकरी सोडून मित्राबरोबर कांहीं उद्योग काढण्याचा बेत सांगितला कीं वडील मंडळींच्या तोंडीं हीच म्हण येते. तिच्या जोडीला एक सिद्धान्तही तयार असतो. मराठी माणसाला भागीदारी साधत नाहीं, दोन मराठी माणसें एकत्र आलीं कीं तिसऱ्या दिवशीं दोन संस्था होतात, असें आपण स्वतःविषयीं हंसत हंसत म्हणतों, आणि त्या हंसण्याआड आपली भीति लपवितों.

आज पुण्यांत हा प्रश्न पूर्वीपेक्षां निकडीचा झाला आहे. आमच्या महाविद्यालयांतून बाहेर पडणारे कितीतरी तरुण चांगल्या पगाराची नोकरी धरतात, आणि दोन-चार वर्षांत ती सोडून ज्याला हल्लीं ‘स्टार्टअप’ म्हणतात तसा नवा उद्योग मांडूं पाहतात. कल्पना त्यांच्यापाशीं असते, उमेदही असते. भांडवल मिळविण्याचे मार्गही पूर्वीपेक्षां पुष्कळ झाले आहेत. अडतें तें योग्य भागीदारापाशीं. तो कोठें शोधावा, कशावरून ओळखावा, आणि एकदां जोडल्यावर त्याच्याशीं कसें वागावें, याविषयीं म्हणीपलीकडे सांगण्यासारखें आपल्याजवळ कांहीं आहे काय? आमच्या मतें आहे. ज्या शहरांत हे तरुण आपलीं दुकानें थाटीत आहेत, त्याच शहराच्या इतिहासांत तें नमूद झालेलें आहे.

प्रथम एक जुनें उदाहरण थोडक्यांत घेऊं. १८८० च्या जानेवारींत विष्णुशास्त्री चिपळूणकर, बाळ गंगाधर टिळक आणि माधवराव नामजोशी यांनीं पुण्यांत न्यू इंग्लिश स्कूल काढलें. पुढें एम्. ए. होऊन गोपाळ गणेश आगरकर त्यांना मिळाले. १८८१ च्या जानेवारींत ‘केसरी’ व ‘मराठा’ हीं पत्रें निघालीं, १८८४ मध्यें डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली, आणि पुढील वर्षीं फर्ग्युसन कॉलेज सुरू झालें. अवघ्या पांच वर्षांत एवढें काम उभें करणारी मंडळी महाराष्ट्रानें क्वचितच पाहिली असेल. टिळक व आगरकर हे डेक्कन कॉलेजांतले सहाध्यायी. कोल्हापूर प्रकरणांत दोघांना १८८२ सालीं चार महिन्यांची शिक्षा झाली आणि दोघांनीं डोंगरीचा तुरुंग एकत्र भोगला. याहून घट्ट गांठ ती कोणती? तरीही १८८७ मध्यें आगरकरांनीं ‘केसरी’ सोडला, १८८८ मध्यें ‘सुधारक’ काढला, आणि १८९० मध्यें टिळकांनीं सोसायटीचा राजीनामा दिला.

सामाजिक सुधारणेविषयींचा मतभेद सर्वांना ठाऊक आहे. त्याच्या जोडीला एक साधा व्यवहाराचा प्रश्न होता, तो मात्र पुष्कळ वेळां विसरला जातो. आजीव सभासदांनीं निर्वाहापुरतें वेतन घ्यावें कीं अधिक, आणि बाहेर काम करून मिळकत करावी कीं करूं नये, यावरून सोसायटींत वर्षानुवर्षें कुरबुर चालली होती. त्याग करावयाचा हें सर्वांना मान्य होतें. किती करावयाचा, याचा अर्थ प्रत्येकानें निराळा धरला होता. शाळा आणि कॉलेज मात्र या फाटाफुटींतून वांचलीं, कारण तीं कोणा एकाच्या मालकीचीं नव्हतीं. तीं नियमांनीं बांधलेल्या सोसायटीचीं होतीं. पत्रांचें तसें नव्हतें. एका पत्रांत दोन मतांचे दोन संपादक नांदणें अशक्य होतें, म्हणून तेथें वांटणी करावी लागली.

ध्येयवेड्यांची भागीदारी निराळी आणि धंद्याची निराळी, असें म्हणून कोणी हें उदाहरण बाजूस सारील. म्हणून आतां ज्यांत नफा-तोट्याचा हिशेब रोकडा होता असें उदाहरण घेऊं. तें पुण्यांत नांवारूपास आलें, परंतु त्याचा उगम कोल्हापुरांत आहे.

कोल्हापुरांत बाबूराव पेंटर यांची महाराष्ट्र फिल्म कंपनी होती. बाबूराव मूळचे चित्रकार व नाटकांचे पडदे रंगविणारे. चित्रपटाचा कॅमेरा मिळेना तेव्हां त्यांनीं तो स्वतः घडविला, आणि त्या खटाटोपांत विष्णुपंत दामले त्यांच्या हाताशीं होते. शेख फत्तेलाल हेही तेथलेच चित्रकार. त्यांना सर्वजण साहेबमामा म्हणत. १९२० च्या सुमारास शांताराम वणकुद्रे नांवाचा एक तरुण तेथें आला. त्यानें कांहीं दिवस गंधर्व नाटक मंडळींत काढले होते, हुबळीच्या रेल्वे कारखान्यांत हात काळे केले होते. या कंपनींत तो पडेल तें काम करूं लागला, पडद्यावर भूमिकाही करूं लागला. ‘सावकारी पाश’ या १९२५ च्या चित्रांतला तरुण शेतकरी तोच. केशवराव धायबर हेही त्याच छत्राखालीं तयार झाले. पुढें १९२७ च्या ‘नेताजी पालकर’चें दिग्दर्शन शांताराम व धायबर यांनीं केलें, आणि १९२८ च्या ‘महारथी कर्ण’चें दामले व फत्तेलाल यांनीं.

म्हणजे हे चौघे एकमेकांस वर्षानुवर्षें ओळखत होते, आणि ही ओळख चहाच्या टेबलावरची नव्हती. पडदा वेळेवर रंगून झाला नाहीं तर कोण चिडतो आणि कोण मुकाट्यानें ब्रश हातीं घेतो, फिल्म बिघडली तर कोण दुसऱ्याकडे बोट दाखवितो आणि कोण रात्रभर बसून ती दुरुस्त करतो, हें प्रत्येकानें प्रत्येकाविषयीं पाहिलेलें होतें. १९२९ मध्यें त्यांनीं स्वतंत्र होण्याचें ठरविलें तेव्हां त्यांच्याजवळ हुन्नर होता, पैसा नव्हता. भांडवलाची बाजू सीतारामपंत कुलकर्णी यांनीं उचलली. पंधरा हजार रुपयांवर १ जून १९२९ रोजीं कोल्हापुरांत प्रभात फिल्म कंपनी सुरू झाली. नांव कंपनीचें असलें तरी ती पांच माणसांची भागीदारी होती.

या पांचांकडे जरा निरखून पाहावें. शांतारामांकडे दिग्दर्शन, धायबरांकडे कॅमेरा, फत्तेलालांकडे कला व देखावे, दामल्यांकडे यंत्रें आणि पुढें बोलपट आल्यावर ध्वनिमुद्रण, कुलकर्ण्यांकडे पैशाचा व्यवहार. एकाचें काम दुसऱ्याला तितकें चांगलें येत नव्हतें, आणि प्रत्येकाला दुसऱ्याच्या कामाची पारख मात्र होती. यांतलें दुसरें अंग आम्हांस पहिल्याइतकेंच महत्त्वाचें वाटतें. ज्याला आपल्या भागीदाराच्या कामांतलें कांहींच कळत नाहीं तो एक तर आंधळा विश्वास टाकतो किंवा आंधळा संशय घेतो. त्यांतच हेंही ध्यानांत घेण्यासारखें, कीं या पांचांत नात्याचा धागा नव्हता आणि जातीचाही नव्हता. ‘संत तुकाराम’ व ‘संत ज्ञानेश्वर’ हे वारकरी परंपरेचे दोन अमोल चित्रपट एका दामल्यांनीं आणि एका फत्तेलालांनीं मिळून दिग्दर्शित केले, ही गोष्ट आपल्या समाजानें वरचेवर आठवावी अशी आहे. भागीदार आपल्यांतलाच हवा असें म्हणणाऱ्यांनीं ‘आपल्यांतला’ या शब्दाचा अर्थ एकदां तपासून पाहावा.

महाराष्ट्रांत दुसरींही अशीं उदाहरणें आहेत. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनीं तरुणपणीं घराण्याचा पिढीजात व्यापार सोडून रेल्वेच्या कंत्राटांत पाऊल टाकलें, तेव्हां त्यांनीं लक्ष्मणराव फाटकांना भागीदार केलें. फाटकांनीं रेल्वेंत कारकुनी केलेली. कंत्राटाचें काम कसें चालतें हें त्यांना माहीत होतें. एकाजवळ भांडवल व धाडस, दुसऱ्याजवळ कामाची माहिती. ‘फाटक-वालचंद’ या पेढीपासूनच वालचंदांच्या पुढच्या सर्व उद्योगांचा आरंभ झाला.

प्रभातची परीक्षा लौकरच झाली. ‘गोपाळ कृष्ण’पासून त्यांनीं सहा मूकपट काढले न काढले तोंच १९३१ मध्यें ‘आलम आरा’ आला आणि मूकपटांचे दिवस संपले. हातचें सारें कसब एका रात्रींत अर्धें निरुपयोगी होण्याची ती वेळ. अशा वेळीं भागीदारांत फूट पडते. येथें ती पडली नाहीं; दामल्यांनीं ध्वनिमुद्रणाची नवी विद्या हस्तगत केली, आणि १९३२ च्या फेब्रुवारींत ‘अयोध्येचा राजा’ हा मराठींतला पहिला बोलपट पडद्यावर आला. दुसरी परीक्षा अपयशाची. १९३३ मध्यें ‘सैरंध्री’ रंगीत करण्याचा घाट घालून तिच्या प्रती जर्मनींत काढविल्या, परंतु रंग मनासारखे उतरले नाहींत. मोठा खर्च पाण्यांत गेला. त्याच वर्षीं कोल्हापूर सोडून पुण्यास येण्याचें, एरंडवण्याच्या माळावर नवा स्टुडिओ बांधण्याचें साहसही चाललें होतें. अपयशाचें खापर कोणा एकाच्या माथीं फुटलें असतें तर पुण्याचा तो स्टुडिओ उभाच राहिला नसता. तो उभा राहिला, आणि १९३४ सालीं तेथून ‘अमृतमंथन’ बाहेर पडला.

यानंतरचीं सात-आठ वर्षें म्हणजे मराठी उद्योगाच्या इतिहासांतलें एक सोनेरी पान. १९३६ मध्यें ‘संत तुकाराम’ आला. पुढच्या वर्षीं व्हेनिसच्या महोत्सवांत त्याचा गौरव झाला. १९३७ मध्यें ‘कुंकू’, १९३९ मध्यें ‘माणूस’, १९४० मध्यें ‘संत ज्ञानेश्वर’, १९४१ मध्यें ‘शेजारी’. यांपैकीं ‘कुंकू’, ‘माणूस’, ‘शेजारी’ शांतारामांचे, संतपट दामले-फत्तेलालांचे. एका भागीदाराची कीर्ति वाढत असतां दुसरे तिच्या सावलींत खुजे राहिले नाहींत, हें या भागीदारीचें आम्हांस सर्वांत मोठें यश वाटतें. तुतारी फुंकणारी ती युवति पडद्यावर दिसली कीं प्रेक्षक सांवरून बसे. चित्र कोणाचें हें त्याला मागाहून कळे. प्रभातचें आहे एवढें त्याला पुरेसें असे.

मध्यंतरीं एक प्रयोग फसला, आणि नव्या उद्योजकांच्या दृष्टीनें तो विशेष बोधप्रद आहे. १९३५ मध्यें बालगंधर्व आणि प्रभात यांचें सूत जमलें. रंगभूमीवरचें त्या काळचें सर्वांत मोठें नांव आणि चित्रपटांतली सर्वांत नांवाजलेली संस्था. याहून शुभ योग कोणता? ‘धर्मात्मा’ निघाला, बालगंधर्वांनीं त्यांत एकनाथांची भूमिका केली, आणि एका चित्रावरच हा संबंध संपला. बालगंधर्व पुन्हां रंगभूमीकडे वळले. कोणाचाही दोष काढण्याचें कारण नाहीं. प्रेक्षकांना समोर बसवून, त्यांच्या ‘वन्स मोअर’वर गाणें फुलविणारा तो कलावंत, तुकड्यातुकड्यांनीं, घड्याळाच्या कांट्यावर, यंत्रासमोर चालणारें हें काम. नांवें दोन्ही थोर होतीं, परंतु त्यांनीं एकमेकांचा कामाचा दिवस पूर्वी पाहिलेला नव्हता. आजचा तरुण उद्योजक मोठ्या नांवाचा माणूस आपल्या पाटीवर यावा म्हणून धडपडतो, तेव्हां त्याला ‘धर्मात्मा’ची आठवण द्यावीशी वाटते.

आतां घोड्याच्या जखमेकडे वळूं. ‘राजपूत रमणी’ या १९३६ च्या चित्रानंतर धायबर प्रभातमधून वेगळे झाले. १९४२ मध्यें शांताराम बाहेर पडले आणि त्यांनीं मुंबईस राजकमल कलामंदिर काढलें. कारणांच्या खोलांत शिरण्याचें येथें प्रयोजन नाहीं. अशा वेळीं प्रत्येकाची बाजू असते आणि प्रत्येक बाजूला कांहीं सत्य असतें. आमचें लक्ष निराळ्या गोष्टीकडे आहे. १९२९ मध्यें पांचजण एकत्र आले तेव्हां प्रत्येकाची गरज सारखीच होती, आणि कोणाचेंही नांव कंपनीहून मोठें नव्हतें. बारा वर्षांनीं परिस्थिति पार बदलली होती. कोणाची कीर्ति देशभर झाली होती, कोणाचें काम पडद्यामागेंच राहिलें होतें; वयें वाढलीं होतीं, इच्छा वेगळ्या झाल्या होत्या. भागीदारी मात्र मूळच्याच हिशेबावर उभी होती. गरिबींत ज्यांनीं एका ताटांत जेवावें त्यांनीं श्रीमंतींत ताटें मोजावीं, हा मनुष्यस्वभाव आहे. त्याची तजवीज आधीं करून ठेवावी लागते.

शांताराम गेले म्हणून प्रभातचा लागलाच अस्त झाला असें नाहीं. १९४४ चा ‘रामशास्त्री’ त्यांच्याशिवाय झाला, आणि प्रभातच्या उत्तम चित्रांत तो आजही गणला जातो. १९४६ च्या ‘हम एक हैं’मधून देव आनंद प्रथम पडद्यावर आले. परंतु १९४५ मध्यें दामल्यांचा मृत्यु झाला, आणि मूळची वीण उसवत गेली. १९५० नंतर थोड्याच वर्षांत कंपनी बंद पडली. १९६० मध्यें त्याच आवारांत सरकारनें फिल्म इन्स्टिट्यूट सुरू केली. आज लॉ कॉलेज रस्त्यानें जाणाऱ्याला जी दिसते ती हीच. ज्या जागेनें भागीदारांना एकत्र काम करतांना पाहिलें, तेथें आतां देशभरचे विद्यार्थी चित्रपट शिकतात.

या ठिकाणीं परदेशांतल्या एका भागीदारीची आठवण होते. वाफेचें यंत्र सुधारणारा जेम्स वॅट हा स्कॉटलंडचा कारागीर. त्याचा पहिला भागीदार रोबक दिवाळखोर झाला. तेव्हां बर्मिंगहॅमचा कारखानदार मॅथ्यू बोल्टन यानें तो हिस्सा घेतला, आणि १७७५ पासून दोघांची भागीदारी सुरू झाली. वॅट चिंताग्रस्त, देण्याघेण्याच्या बोलण्यास कंटाळणारा. बोल्टन दिलदार, धंद्याच्या वाटाघाटींत रमणारा. स्वभाव दोन टोकांचे, तरी ही जोडी शेवटपर्यंत टिकली. यांत स्वभावांइतकाच वांटा एका कलमाचा होता: भागीदारीची मुदत पंचवीस वर्षें, म्हणजे वॅटच्या यंत्राचा पेटंट-हक्क संपेपर्यंत, अशी आरंभींच ठरली होती. १८०० सालीं मुदत संपली. दोघे म्हातारे सन्मानानें बाजूस झाले आणि त्यांच्या मुलांनीं कारभार हातीं घेतला. शेवट केव्हां व कसा हें पहिल्या दिवशींच लिहून ठेवल्यामुळें त्यांना कोणालाच दार आपटून बाहेर पडावें लागलें नाहीं.

आपल्याकडचा १९३२ चा भागीदारीचा कायदाही हेंच सुचवितो. त्याच्या दृष्टीनें प्रत्येक भागीदार हा इतरांचा मुखत्यार. त्यानें धंद्याच्या ओघांत केलेला करार सर्वांवर बंधनकारक, आणि कर्जाची जबाबदारी सर्वांच्या डोक्यावर. मुदत ठरविली नसेल तर कोणीही लेखी सूचना देऊन भागीदारी मोडूं शकतो. करारांत निराळें लिहिलें नसेल तर एकाच्या मृत्यूनें ती संपते. २००८ च्या कायद्यानें मर्यादित जबाबदारीची भागीदारीही आतां शक्य झाली आहे. परंतु कायदा मौनाचा अर्थ आपल्या पद्धतीनें लावतो. मित्रांनीं संकोचानें जें बोलून ठेवलें नाहीं, तें पुढें वकिलांना बोलावें लागतें.

तेव्हां घरच्या तरुणानें भागीदारीचा बेत सांगितला असतां वडिलांनीं म्हण ऐकवून विषय संपवूं नये; त्याला कांहीं प्रश्न विचारावे. या माणसाबरोबर तूं कधीं काम केलें आहेस काय, आणि तें काम फसलें तेव्हां तो कसा वागला? त्याला जें येतें तें तुला येतें काय? दोघांनाही एकच गोष्ट येत असेल तर दुसरी कोण करणार? हिशेबाची वही कोणाकडे राहणार, आणि ती दुसऱ्यानें केव्हां पाहावयाची? उद्यां त्याचें नांव मोठें झालें आणि तुझें झालें नाहीं, तर तुला तें सोसेल काय? दर कांहीं वर्षांनीं बसून हिस्से पुन्हां तपासण्याचें ठरलें आहे काय? आणि वेगळें व्हावयाचें झाल्यास स्टुडिओ कोणाचा, नांव कोणाचें, कर्ज कोणाचें?

शेवटचा प्रश्न विचारतांना घरांत थोडें अवघडल्यासारखें होईल. लग्नाच्या बोलण्यांत वांटणीचा विषय काढावा तसें तें वाटेल. परंतु १९२९ च्या जूनमध्यें त्या पांच कर्तबगार माणसांनीं हा एक प्रश्न एकमेकांना मोकळेपणानें विचारला असता, तर प्रभातची तुतारी आणखी कांहीं वर्षें वाजली असती, असें आम्हांस राहून राहून वाटतें. त्यांचें घोडें उमदें होतें. वीस वर्षांवर तें दौडलें, आणि मराठी माणसाला भागीदारी साधते हें त्यानें कायमचें सिद्ध करून ठेवलें. औषध लावण्याची पाळी कोणाची, एवढें आपल्या मुलांनीं आधीं ठरवून घ्यावें.